मांडणीशिल्प उतरवायचं कसं, ते आधी ठरव

प्रिय,

तुझा प्रस्ताव वाचला. शहरातल्या निसर्गोद्यानात सहा आठवड्यांसाठी शाश्वततेवरचं मांडणीशिल्प, म्हणजे इन्स्टॉलेशन. कल्पना चांगली आहे, चित्रंही देखणी आहेत. पण चित्रांत वारा नाही, पाऊस नाही, मुळं नाहीत, आणि सहा आठवड्यांनंतर त्या वस्तूंचं काय होणार याची एक ओळही नाही. शाश्वततेवर बोलणारी कलाकृती शेवटी कचऱ्याच्या गाडीत गेली, तर तिने सांगितलेलं सगळं खोटं ठरतं. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी विषय. ‘पृथ्वी वाचवा’ हा शिल्पाचा विषय होऊ शकत नाही, कारण त्यात पाहण्यासारखं काही उरत नाही. त्या उद्यानातली मोजता येईल अशी एकच गोष्ट निवड आणि ती खऱ्या मापात दाखव. एक उदाहरण देतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. उद्यानाच्या दारातली डांबरी पार्किंगची जागा १०० चौरस मीटर असेल, तर २० मिलिमीटरच्या एका सरीत तिच्यावर २,००० लिटर पाणी पडतं आणि त्यातलं बहुतेक सगळं गटारात जातं. २० लिटरचे १०० भरलेले कॅन त्याच जागेशेजारी ओळीने मांड. आकडा कुठे लिहायची गरज पडत नाही, माणूस ओळीच्या कडेने चालत जातो आणि त्याला तो कळतो. कॅन उसने आणायचे, झाकणं घट्ट लावायची, आणि शेवटी पाणी झाडांना घालून कॅन परत द्यायचे.

जर्मन कलावंत योझेफ बॉईस यांनी १९८२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात बसाल्टच्या ७,००० दगडांचा ढीग घातला होता. एक झाड लागलं की ढिगातला एक दगड त्या झाडाशेजारी उभा राहायचा. ढीग आटत गेला, तसं काम किती झालं ते लोकांना दिसत गेलं. शेवटचं झाड १९८७ साली लागलं. मोजमाप शिल्पातच असावं म्हणतात ते असं.

आता वस्तूंची वही. प्रत्येक वस्तूसमोर चार गोष्टी लिही: वजन, ती कुठून आली, कशाला जोडली आहे, आणि उतरवल्यावर ती कोण घेणार. चौथ्या रकान्यात ‘पुनर्वापर’ असं मोघम लिहू नकोस. घेणाऱ्याचं नाव आणि त्याचा लेखी होकार हवा. होकार मिळत नसेल तर ती वस्तू आणूच नकोस. कलावंत ओलाफुर एलियासन यांनी ग्रीनलंडच्या फ्योर्डात, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, तरंगणारे हिमखंड कोपनहेगन, पॅरिस आणि लंडनच्या चौकांत आणून ठेवले, तेव्हा त्या वाहतुकीच्या कार्बनचा हिशेबही जाहीर केला. तुझं काम लहान असलं तरी ट्रकच्या फेऱ्या वहीत यायला हव्यात.

सामानाबद्दल. बाटल्यांचं शिल्प हा सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा मार्ग, आणि बहुधा सर्वांत वाईट. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. पातळ पिशव्यांच्या तर चिंध्या होऊन त्या गवतात मिसळतात आणि मग वेचता येत नाहीत. उघड्या बाटलीत पाणी साठलं की साधारण आठ-दहा दिवसांत डासांची पिढी तयार होते. बाटल्या वापरायच्याच असतील तर प्रत्येकीच्या सर्वांत खालच्या बिंदूला ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाड. थर्माकोल आणि चमकी उद्यानाच्या दाराच्या आत नको. ‘जैवविघटनशील’ असा छाप पाहून भुलू नकोस. मक्याच्या स्टार्चपासून बनवलेल्या त्या प्लास्टिकला कुजायला ५५-६० अंशांवर चालणारी कंपोस्टची भट्टी लागते, झाडाखाली ते तसंच पडून राहतं. लाकडी पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का वाच. एचटी म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नकोस.

बांबू घेशील तर तीन ते पाच वर्षं वयाचा, पक्का घे. कोवळ्या बांबूत स्टार्च जास्त, त्यामुळे भुंगा लवकर लागतो. बांबूत खिळा ठोकला की तो उभा चिरतो. आधी ड्रिलने भोक पाडून बोल्ट लाव किंवा दोरीने बांध, आणि टोक पेराच्या गाठीला लागून काप. दोरी नैसर्गिक धाग्याची असेल तर ती भिजल्यावर आवळते आणि वाळल्यावर सैल पडते, म्हणून पहिल्या पावसानंतर प्रत्येक गाठ पुन्हा आवळावी लागते. लोक उभारणीच्या दिवशी गाठी तपासतात आणि मग विसरतात. नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

सर्वांत जास्त वेळ वाऱ्याला दे. वेग मीटर प्रति सेकंदात घे, त्याचा वर्ग कर आणि ०.६१३ ने गुण. उत्तर म्हणजे वाऱ्याचा दाब, न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. ताशी ७२ किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला २० मीटर, दाब २४५ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे २५ किलोचा रेटा. सपाट फळीसाठी त्याला १.३ ने गुणायचं. तुझ्या चित्रातली २ बाय २ मीटरची उभी फळी घे: क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, रेटा सुमारे १३० किलो, तो जमिनीपासून १ मीटर उंचीवर. जमिनीवर ठेवलेला पाया पुढून मागे १.२ मीटर रुंद असेल तर उलटायचा टेकू मध्यापासून ०.६ मीटरवर येतो. १३० भागिले ०.६, म्हणजे २१७ किलो. दीडपट सुरक्षितता धरली की ३२५. इथपर्यंत बरेच जण येतात आणि २५ किलोच्या १३ गोण्या मागवतात. पण फळी उलटण्याआधी घसरते. गवतावरच्या घर्षणाचा गुणांक ०.४ धरला तर नुसतं न घसरण्यासाठीच ३२५ किलो लागतात, दीडपटीने जवळपास ४९०. म्हणजे २० गोण्या, आणि ओल्या गवतावर त्याहून जास्त.

हा आकडा पाहून गोण्या वाढवण्याआधी फळीची उंची कमी कर. उंची १ मीटर केली की रेटा निम्मा होतो आणि उलटवणारा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. कापडाला किंवा फ्लेक्सला अर्धगोल चिरा दिल्या की वारा निघून जातो, हा समज सोडून दे. दाब त्याने फारच थोडा कमी होतो. आडव्या छतालाही ढाळ हवा: चौरस मीटरभर कापडात ५ सेंटिमीटर पाणी साचलं की ५० किलो लोंबकळतात. माणसं ज्याखालून जाणार किंवा जे डोक्यापेक्षा उंच आहे, त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घे. वाऱ्याच्या कोणत्या वेगाला कापड उतरवायचं, कोणत्या वेगाला जागा बंद करायची आणि ते कोण करणार, हे त्याच्याकडून लिहूनच घे.

जमिनीत खुंट्या मारण्याचा मोह होईल. मारू नकोस. खाली पाण्याचे पाइप, विजेच्या तारा आणि मुळं असतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २००५ साली क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलावंत दांपत्याने कापडी पडद्यांची ७,५०३ दारं उभी केली ती पायवाटांवर ठेवलेल्या पोलादी वजनांवर, एकही खड्डा न खणता. मग तुझ्या एका फळीला खड्डा कशाला?

झाडाचं अंतर असं काढ: जमिनीपासून १.४ मीटरवर खोडाचा व्यास मोज आणि त्याला १२ ने गुण. ३० सेंटिमीटरच्या खोडाभोवती ३.६ मीटर त्रिज्येत वजन, खणणं, ट्रक काहीही नको. मुळांचा मोठा भाग मातीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरातच असतो, आणि दबलेल्या मातीत त्यांना हवा मिळत नाही. सामान नेण्याची वाट जवळून जात असेल तर लाकडाच्या ढलप्यांचा १० ते १५ सेंटिमीटर थर आणि त्यावर प्लायवूड टाक. झाडाला काही बांधायचंच झालं तर किमान ५ सेंटिमीटर रुंद पट्टा, खाली जाड कापड. तार किंवा नायलॉनची सुतळी सालीत रुतते. आणि बांधण्याआधी फांदीवर घरटं नाही ना, ते बघ.

आरसे तू भरपूर दाखवले आहेत. पक्ष्याला आरशातलं आकाश खरं वाटतं आणि तो धडकतो. आरसा ठेवायचाच असेल तर त्यावर ५ बाय ५ सेंटिमीटरच्या अंतराने ठिपके हवेत. खोलगट आरसा तर नकोच, तो ऊन एका जागी गोळा करून वाळलं गवत पेटवू शकतो. मासे धरायची जाळी टाळ, तीत साप आणि पक्षी अडकतात. दिवे लावणार असशील तर पिवळसर, २,७०० केल्विन किंवा त्याखालचे, खाली तोंड केलेले, आणि उद्यान बंद होताच विझणारे.

मुलं चढणारच, ‘चढू नये’ ही पाटी कामाची नाही. सांध्यांतली आणि जाळीतली भोकं ९ ते २३ सेंटिमीटरच्या मध्ये ठेवू नकोस. एवढ्या फटीत लहान मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. बोल्टची टोकं टोपणाने झाक.

उतरवण्याचे दोन दिवस आजच वेळापत्रकात धर, आणि तेवढे हात आणि तेवढा ट्रकही. उभारताना केबल टाय किती लावले ते वहीत मांड, काढताना तेवढेच मोजून घे. कापलेली शेपटंही धर. खिळे-स्क्रू वापरले असतील तर जमिनीवरून चुंबक फिरव. पायाखालचं गवत काही दिवसांत पिवळं पडतं आणि दोन-तीन आठवड्यांत मरतं, म्हणून शक्य असेल तिथे पाया पायवाटेवर घे. गवतावर असेल तर बी आणि माती यांचा खर्च अंदाजपत्रकात दाखव. माती दबली असेल तर दात्यांचं फावडं १० ते १५ सेंटिमीटर घुसवून हलकेच मागेपुढे हलव, पण मुळांच्या त्या वर्तुळात हे करायचं नाही. आधीचे आणि नंतरचे फोटो एकाच जागेवरून घे, उद्यानाचा अधिकारी तेच मागेल.

नवा आराखडा पाठवशील तेव्हा प्रत्येक वस्तूवर वजन आणि प्रत्येक झाडाभोवती त्याचं वर्तुळ काढलेलं असू दे. वहीचा चौथा रकाना भरून झाला की मगच रंगांबद्दल बोलू.

सप्रेम नमस्कार.