बेसबॉलच्या नोंदवहीतले एका ओळीचे खेळाडू

प्रश्न: बेसबॉलमधले फारसे कुणाला माहीत नसलेले, पण किस्से भन्नाट असलेले खेळाडू कोणते? जुने-नवे दोन्ही चालतील. मला क्रिकेट कळतं, बेसबॉल जेमतेम.

बेब रूथ आणि जॅकी रॉबिन्सन तुम्ही ऐकून असाल, त्यांना सोडतो. मो बर्ग हा कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा) अमेरिकेसाठी हेरगिरी करायचा, हा किस्साही आता इतका फिरलाय की त्याला अनोळखी म्हणवत नाही. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संघाने करारबद्ध केलं होतं. त्यांच्यावर हॉलिवूडचा सिनेमाही निघाला, पण मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीपर्यंत, दोघंही पोचले नाहीत.

मला खरी ओढ आहे ती एका ओळीच्या खेळाडूंची. मी सुटीच्या दिवशी क्लब क्रिकेटच्या सामन्यांना स्कोअरिंग करतो, त्याचा परिणाम असेल, पण बेसबॉलची आकडेवारी चाळताना माझी नजर दिग्गजांच्या लांबलचक रकान्यांपेक्षा 'सामने १' लिहिलेल्या ओळीवर अडकते. तसं पाहिलं तर हे नोंदींचं वेड बेसबॉलला लावलं एका क्रिकेटवाल्यानेच. हेन्री चॅडविक हा इंग्लंडात एक्सिटरला जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या देणारा माणूस. १८५० च्या दशकात त्याला बेसबॉलचा नाद लागला आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्याने बेसबॉलचा बॉक्स स्कोअर बसवला.

किस्से कळण्यापुरते नियम सांगतो. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांचे तीन-तीन आउट. पिचरने (म्हणजे गोलंदाजाने) चार चेंडू आवाक्याबाहेर टाकले की बॅटरला पहिला बेस (धावेसाठी गाठायच्या चार ठाण्यांपैकी पहिलं) फुकट, त्याला 'वॉक' म्हणतात आणि तो सरासरीत धरत नाहीत. चेंडू मारून बेस गाठला की तो 'हिट', आणि बॅटिंगच्या किती पाळ्यांत हिट मिळाला ती सरासरी, १ पैकी मोजतात. ०.३०० म्हणजे उत्तम बॅटर. १.००० असूच शकत नाही, असं कुणालाही वाटेल.

पण जॉन पॅचोरेकची सरासरी १.००० आहे. २९ सप्टेंबर १९६३, हंगामाचा शेवटचा दिवस. ह्यूस्टनचा संघ (तेव्हाचं नाव कोल्ट पंचेचाळीस) गुणतक्त्यात तळाकडे होता, गमावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध नवी पोरं उतरवली. पॅचोरेक अठरा वर्षांचा. पाच वेळा बॅटिंगला आला आणि पाचही वेळा बेसवर पोचला: तीन हिट, दोन वॉक. चार धावा स्वतः काढल्या, तीन दुसऱ्यांच्या आणवल्या, ह्यूस्टनने सामना १३-४ असा मारला. पुढच्या मोसमात हा पोरगा नाव काढणार, असं सगळ्यांना वाटलं असणार. पण त्याची पाठ गेली. शस्त्रक्रिया झाली, मायनर लीगमध्ये (मेजरच्या खालच्या पातळीवर) काही वर्षं धडपड झाली, मेजर लीगचं मैदान पुन्हा दिसलं नाही. नंतर तो कॅलिफोर्नियात शाळेत व्यायामशिक्षक झाला. त्याचा भाऊ टॉम मात्र मेजर लीगमध्ये अठरा हंगाम खेळला. क्रिकेटमध्ये याच्या जवळ जाणारा म्हणजे वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम: १९४८ मध्ये इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी, एकच डाव, ११२ धावा, म्हणजे कागदावर ब्रॅडमनपेक्षा सरस सरासरी. पण गँटोमला संघाने वगळलं, पॅचोरेकला शरीराने. मला पॅचोरेकचं जास्त वाईट वाटतं.

त्याच ह्यूस्टनमध्ये आठ वर्षांनी याच्या नेमकं उलट घडलं. संघाचं नाव आता अ‍ॅस्ट्रोज. १५ सप्टेंबर १९७१ ला अटलांटाविरुद्ध नवव्या इनिंगला लॅरी यंट या एकवीस वर्षांच्या पिचरला बोलावलं. पदार्पणाचा सामना. माइकवरून नाव पुकारलं गेलं, तो मधे गेला, सरावाचे चेंडू टाकायला लागला आणि कोपरातून कळ आली. ती थांबेना. एकही अधिकृत चेंडू न टाकता तो परत गेला आणि त्या जागी दुसरा पिचर आला. पण नाव पुकारलं गेलं होतं, त्यामुळे नियमाप्रमाणे त्याचा सामना लागला. त्याच्या ओळीत सामने १, बाकी सगळे रकाने शून्य. लॅरी पुन्हा कधीच मेजर लीगमध्ये आला नाही. धाकटा भाऊ रॉबिन यंट मिलवॉकीकडून २,८५६ सामने खेळला, ३,१४२ हिट मारले आणि हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. आमच्याकडे असा प्रसंग आला तर मी वहीत काय लिहीन, याचा मी बराच विचार केलाय. गोलंदाज रनअपवरूनच लंगडत परतला तर त्याच्या नावापुढे गोलंदाजीची ओळ उघडायचीच नाही.

आता जरा मोठी गोष्ट, कारण तिच्यातला अन्याय मला अजून पचत नाही. हार्वी हॅडिक्स अगदीच अनोळखी नाही, चांगला डावखुरा पिचर होता, पण अमेरिकेबाहेर त्याला कोण ओळखतं! २६ मे १९५९ ला पिट्सबर्गकडून मिलवॉकीत खेळताना त्याच्या अंगात फ्लू होता. समोर हँक अ‍ॅरन, एडी मॅथ्यूज, जो अ‍ॅडकॉक अशी फळी. सत्तावीस बॅटर ओळीने बाद केले, एकही बेसवर पोचू दिला नाही, की त्याला 'परफेक्ट गेम' म्हणतात. शंभर-दीडशे वर्षांत तो मोजक्याच पिचरना जमलाय. हॅडिक्सने सत्तावीस बाद केले. पण त्याच्याच संघाने एक धावही केली नव्हती! मिलवॉकीचा ल्यू बर्डेट हिट देत होता, धाव देत नव्हता. सामना लांबला. हॅडिक्सने दहावी, अकरावी, बारावी इनिंगही तशीच काढली. छत्तीस आले, छत्तीस गेले.

तेरावी इनिंग. फेलिक्स मँटियाचा साधा चेंडू तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकने उचलला आणि पहिल्या बेसकडे चुकीचा फेकला. परफेक्ट गेम गेला, तोही पिचरची काही चूक नसताना. मॅथ्यूजने बंट करून (चेंडूला बॅट नुसती टेकवून) मँटियाला दुसऱ्या बेसवर सरकवलं. अ‍ॅरनला मुद्दाम वॉक दिला. मग अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणापार मारला. इथे आणखी एक विनोद. जिंकणारी धाव झाली असं समजून अ‍ॅरनने बेसची वाट सोडली आणि मागून पळणारा अ‍ॅडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला. पुढच्या धावपटूला ओलांडलं की तुम्ही बाद. त्यामुळे होमरनचा झाला डबल (दोनच बेसचा फटका) आणि निकाल १-०. बर्डेटने तेरा इनिंगमध्ये बारा हिट दिले आणि जिंकला. हॅडिक्सने एक दिला आणि हरला. एवढ्यावरही थांबलं नाही. १९९१ मध्ये मेजर लीगच्या समितीने व्याख्या कडक केली, सामना संपेपर्यंत हिट मिळता कामा नये असं ठरवलं आणि हॅडिक्सचा तो सामना 'नो-हिटर'च्या (एकही हिट न दिलेल्या सामन्यांच्या) अधिकृत यादीतूनही वगळला.

क्रिकेटवाल्यांसाठी मधेच एक नाव. फिलाडेल्फियाचा बार्ट किंग लहानपणी बेसबॉल खेळायचा आणि पिचरची करामत त्याने क्रिकेटच्या चेंडूवर वापरली. उशिरा आत वळणाऱ्या त्या चेंडूला तो 'अँगलर' म्हणायचा. १८९७ मध्ये होवला ससेक्सविरुद्ध त्याने १३ धावांत ७ बळी घेतले, ससेक्स ४६ वर गारद, आणि त्या सातांत आपले रणजी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत. १९०८ च्या दौऱ्यात ११.०१ ची सरासरी काढून तो इंग्लंडच्या गोलंदाजीच्या तक्त्यात पहिला आला. ज्यांच्या नावाने आपला करंडक खेळला जातो, त्यांची दांडी बेसबॉलच्या तंत्राने उडाली, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं.

सेंट लुई ब्राउन्स हा संघ तर अशा खेळाडूंचं आगरच. सतत हरायचा, प्रेक्षक यायचे नाहीत, म्हणून मालक बिल व्हेक काहीही करायचा. १९ ऑगस्ट १९५१ ला त्याने एडी गेडेल नावाचा तीन फूट सात इंच उंचीचा माणूस बॅटिंगला पाठवला. जर्सीवर नंबर १/८. अंपायर चिडला, मग मॅनेजरने खिशातून रीतसर करारपत्र काढून दाखवलं. डेट्रॉइटचा कॅचर गुडघ्यांवर बसला, पिचर बॉब केनने चार चेंडू टाकले, चारही डोक्यावरून. वॉक. गेडेल वाटेत थांबून प्रेक्षकांना मुजरा करत पहिल्या बेसवर गेला, त्याच्या जागी बदली धावपटू आला आणि गोष्ट संपली. दुसऱ्या दिवशी लीगच्या अध्यक्षाने करार रद्द केला. १९६१ मध्ये शिकागोत मारहाणीनंतर गेडेल वारला, तेव्हा अंत्यविधीला बेसबॉलमधून एकच माणूस गेला होता: बॉब केन.

हे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण गेडेल ज्याच्या जागी बॅटिंगला आला, त्या फ्रँक सॉसिएचं कुणी नाव घेत नाही. मायनर लीगमधला नावाजलेला बॅटर. ब्राउन्सकडे आला तेव्हा दुखापतीने बेजार. त्याची अख्खी मेजर लीग कारकीर्द म्हणजे १८ सामने, १४ वेळा अधिकृत बॅटिंग, एक हिट. सरासरी ०.०७१. आणि प्रश्नमंजुषेत त्याची ओळख काय, तर बुटक्या माणसासाठी ज्याला बसवलं तो. याला नशीब म्हणायचं की काय म्हणायचं!

याच ब्राउन्सकडून १९४५ मध्ये पीट ग्रे खेळला. उजवा हात लहानपणी अपघातात गेलेला, आउटफिल्डर (लांबवरचा क्षेत्ररक्षक). लोक एवढं वाचून 'एका हाताने कसा काय' म्हणतात आणि पुढे जातात. तो कसा करायचा ते सांगतो. ग्लोव्हमधलं पॅडिंग बरंचसं काढून टाकलेलं, म्हणजे तो हाताला सैल बसायचा. डाव्या हाताने झेल घेतला की ग्लोव्ह चेंडूसकट उजव्या खांद्याच्या थोटकाखाली दाबायचा, हात बाहेर ओढताना चेंडू छातीवरून घरंगळू द्यायचा आणि तो खाली पडायच्या आत त्याच हाताने पकडून फेकायचा. बॅटिंगही एकाच हाताने. ७७ सामन्यांत ५१ हिट, सरासरी ०.२१८, म्हणजे आकड्यांत सामान्यच. पण तो फक्त ११ वेळा स्ट्राइकआउट झाला, म्हणजे हुकलेल्या किंवा सोडलेल्या चांगल्या चेंडूंचे तीन स्ट्राइक पडून बाद झाला. पुढे पिचरना कळलं की एकदा बॅट फिरायला लागली की त्याला ती एका हाताने रोखता येत नाही, मग ते त्याला संथ चेंडू टाकायला लागले. युद्ध संपून बाकीचे खेळाडू परतले आणि ग्रे मायनर लीगमध्ये गेला. लोकांनी आपल्याला खेळाडू म्हणून पाहावं, तमाशा म्हणून नव्हे, हा त्याचा हट्ट होता. मला तो पटतो, म्हणून ते ११ स्ट्राइकआउट इथे मुद्दाम दिले.

जोएल यंगब्लड ४ ऑगस्ट १९८२ ला दुपारी शिकागोत मेट्सकडून खेळत होता. रिग्ली फील्डवर तेव्हा दिवेच नव्हते, सगळे सामने उन्हात. हिट मारला आणि चौथ्या इनिंगला त्याला बाहेर बोलावून सांगितलं, तुला माँट्रियलला दिलंय, त्यांचा सामना आज रात्री फिलाडेल्फियात आहे. तो निघाला, ग्लोव्ह विसरला म्हणून परत आला, कसंबसं विमान पकडलं, सामना चालू असताना पोचला, आणि तिथेही हिट मारला. एका दिवसात दोन शहरांत दोन संघांकडून हिट. समोरचे पिचर दुपारी फर्गी जेंकिन्स आणि रात्री स्टीव्ह कार्लटन, दोघंही हॉल ऑफ फेमवाले.

आणि नव्यातला हवा होता ना? डॅनी जॅन्सन. २६ जून २०२४, बोस्टनचं फेनवे पार्क. जॅन्सन टोरंटोकडून बॅटिंगला उभा, एक स्ट्राइक पडला आणि पाऊस आला. सामना पुढे ढकलला. जुलैअखेर टोरंटोने त्याला बोस्टनलाच देऊन टाकलं. २६ ऑगस्टला सामना जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू झाला, तेव्हा टोरंटोकडून जॅन्सनची अर्धी राहिलेली बॅटिंग पुरी करायला डॉल्टन वार्शो आला आणि त्याच्या मागे बोस्टनचा कॅचर म्हणून बसला होता जॅन्सन. वार्शो स्ट्राइकआउट झाला. मेजर लीगमध्ये एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला हा पहिलाच. त्या दिवशीच्या स्कोअररचा मला मनापासून हेवा वाटतो. दोन्ही पानांवर तेच नाव!

ड्रू मॅगीबद्दल थोडक्यात: २०१० मध्ये निवड, मग मायनर लीगमध्ये १,१५५ सामने, बसचे प्रवास, आज या गावात उद्या त्या. पिट्सबर्गने २६ एप्रिल २०२३ ला तेहतिसाव्या वर्षी त्याला मैदानात उतरवलं, प्रेक्षक उभे राहिले, तो स्ट्राइकआउट झाला. तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये पहिला हिट मिळाला आणि लवकरच त्याला परत खाली पाठवलं.

असे आणखी हवे असतील तर बेसबॉल रेफरन्स या साइटवर कुठल्याही जुन्या वर्षाचं कुठल्याही संघाचं पान उघडा आणि थेट तळाशी जा, कमी सामनेवाले तिथे सापडतात. १९४५ चा वॉशिंग्टनचा संघ घ्या आणि बर्ट शेपर्ड शोधा. जर्मनीवर विमान पाडलं गेल्यावर पाय कापावा लागलेला वैमानिक, कृत्रिम पायावर पिचिंग करायला उतरला. तारीख योगायोगाने यंगब्लडचीच, ४ ऑगस्ट. सव्वापाच इनिंगहून जास्त टाकून एकच धाव दिली. त्याच्यावर लिहायचं तर वेगळं उत्तर लागेल, विचारलंत तर लिहीन.