समुद्रकाठचा प्लॉट आणि मेहुण्याचा सातबारा

प्रश्न : मी सोलापुरात विडी घरकुल भागात राहतो. चार यंत्रमाग होते, वय झालं म्हणून विकले. गेल्या दसऱ्याला इथल्याच एका हॉटेलात दापोली तालुक्यातल्या प्लॉटची माहिती देणारा कार्यक्रम होता. सागरी महामार्ग येतोय, भाव तिप्पट होणार, असं सांगितलं. तीन गुंठ्यांचे १८ लाख ठरले. साडेचार लाख चेकने आणि दीड लाख रोख दिले. ५०० रुपयांच्या स्टँपवर नोटरी केलेली इसारपावती मिळाली. आता एजंट म्हणतो, महिन्यात बाकी १२ लाख भरा, नाहीतर इसार बुडाला. मी शेतकरी नाही, तर खरेदी मोहोळच्या मेहुण्याच्या नावावर करा, असंही तोच सुचवतो. तिकडचा एक ओळखीचा म्हणाला, जागा सीआरझेडमध्ये आहे. काय करावं?

उत्तर : काका, उरलेले १२ लाख देऊ नका. मेहुण्याच्या नावावरही नको, अर्धे नको, ‘सध्या दोन लाख तरी द्या’ म्हणाला तरी नको. बाकी सगळं शांतपणे बघता येईल.

तुम्ही पाठवलेला सातबारा मी नीट वाचला. जमीन जिरायत आहे. बिगरशेतीचा आदेश कुठेच जोडलेला नाही. इसारपावतीत ‘एनए (म्हणजे बिगरशेती) प्रस्तावित’ एवढंच लिहिलंय. प्रस्तावित म्हणजे आज नाही. आपल्याकडे केगाव, सोरेगाव, कुंभारीकडे प्लॉट घेतानाही हा शब्द लोकांना फसवतो. पण इथे फार तर घर बांधायला उशीर होतो. समुद्राकाठी घर कधीच न होण्याची शक्यता असते, आणि त्याचं कारण सातबाऱ्यावर दिसत नाही.

आपण दुष्काळी भागातली माणसं. जमीन बघायला गेलो की विहिरीला पाणी किती आणि रस्ता कुठून, हे विचारतो. किनाऱ्यावर पहिला प्रश्न वेगळा असतो : उधाणाच्या भरतीचं पाणी कुठपर्यंत येतं? त्या भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरपर्यंतचा पट्टा म्हणजे सीआरझेड, सागरी किनारा नियमन क्षेत्र. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिली अधिसूचना १९९१ साली आली, मग २०११ ची आणि त्यानंतर १८ जानेवारी २०१९ ची. २०१९ च्या नियमांत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहतात, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र. त्याहून विरळ वस्ती असेल तर २०० मीटर. कोकणातल्या खेड्यात तुम्ही २०० मीटर धरूनच चाला. त्या पट्ट्यात नवीन बंगला होत नाही. त्याच्या मागे, ५०० मीटरपर्यंत, जी घरं बांधू देतात ती मुख्यतः कोळीवाडे, गावठाणं आणि तिथल्या परंपरागत हक्कांसाठी, तीही तळमजला अधिक एक आणि नऊ मीटर उंचीच्या आत. सोलापूरहून सुट्टीला जाणाऱ्या माणसाचा बंगला त्यात बसवणं अवघड आहे. आणि ‘समुद्र हाकेच्या अंतरावर’ हे तर तुमच्या माहितीपत्रकातच मोठ्या अक्षरात छापलंय.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका अशिलाबरोबर मी तिकडे गेले होते. सुरूच्या झाडांच्या पलीकडे प्लॉट. कोपऱ्यावर चुना फासलेला हद्दीचा दगड. वाकून बघितलं तर दगडाच्या खालच्या अंगाला वाळकी कालवं चिकटलेली. शेजारी मासळी वाळवत बसलेल्या बाईंनी सांगितलं की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी इथवर येतंच. माझ्या अशिलाने त्या दगडासाठी ११ लाख मोजले होते. म्हणून सांगते, एकदा स्वतः जाऊन पाहा, आणि एजंटबरोबर नाही, एकटे जा.

कागदावर खात्री करायची तर गट नंबर घेऊन रत्नागिरीच्या नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढा आणि मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात तो गट कुठे पडतो ते तपासून घ्या. एजंटने दाखवलेला गूगलचा नकाशा पुरावा नाही.

आता मेहुण्याचं. हा सल्ला सगळ्यात घातक आहे. कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सरकारच्या प्रादेशिक किंवा विकास योजनेत जमीन निवासी वगैरे विभागात असेल तर सूट आहे, पण तसा दाखला तुमच्या कागदांत नाही. पैसे तुमचे आणि नाव मेहुण्याचं, हा बेनामी व्यवहार होतो. कायद्यातली कुटुंबाची सवलत पत्नी आणि मुलांना आहे, आणि भावा-बहिणीच्या बाबतीत नाव एकत्र असेल तरच. मेहुणा त्यात येत नाही. अशी मालमत्ता सरकार जप्त करू शकतं, आणि उद्या मेहुण्याने किंवा त्याच्या मुलांनी ‘जमीन आमची’ म्हटलं तर तुम्हाला दावाही करता येत नाही. तुमचा मेहुणा सज्जन असेल, मी नाही म्हणत नाही. त्याच्या पश्चात काय, तेवढा विचार करा.

शिवाय तीन गुंठे. शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून तुकडेबंदी कायदा आहे. त्यात जिरायतीचं प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी, क्षेत्र २० गुंठे आहे, म्हणून स्वतंत्र तीन गुंठ्यांचं खरेदीखत सहसा नोंदत नाहीत. यावर एजंटकडे तयार उत्तर असतं : ‘सातआठ जणांचं सामाईक नाव लावू.’ म्हणजे अनोळखी माणसांबरोबर आयुष्यभराची भागीदारी, आणि तुमचे तीन गुंठे नेमके कुठले, याचं उत्तर कुणाकडेच नाही. तुकडेबंदीत कुठे सवलत मिळाली तरी सीआरझेड त्याने सुटत नाही.

महामार्गाबद्दल थोडं. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम खरंच हाती घेतलंय, किनाऱ्यावरची गावं बदलतील हेही खरं. पण रस्ता जवळून गेला म्हणून भरतीरेषा मागे सरकत नाही. केरळात कोचीजवळ मराडू इथे किनारा नियम मोडून बांधलेल्या चार इमारती सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पाडायला सांगितल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये त्या स्फोटकं लावून पाडल्या. आत राहणाऱ्यांनी रीतसर खरेदी करून पैसे मोजले होते. प्रत्येकाला २५ लाख अंतरिम भरपाई मिळाली, घर राहिलं नाही.

पैसे परत मिळतील का? माझ्या मते तुमची बाजू भक्कम आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाची, नोंदणी लागते. माहितीपत्रकात रस्ते, दिवे, कुंपण, बाग असं सगळं आहे, नोंदणी क्रमांक मात्र नाही. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्याकडून १.८ लाखांऐवजी ६ लाख घेतले आहेत. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्याचा करार मुळात बेकायदा ठरला, तर इसार जप्त करण्याची अटही टिकणं कठीण. करार निरर्थक ठरला की घेतलेलं परत करावं लागतं, असं करार कायद्याचं कलम ६५ सांगतं.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. नुसती मोकळी जमीन विकणं ही ग्राहक कायद्यात सेवा नाही, पण विकसित प्लॉटचं वचन देऊन पैसे घेणं ही सेवा आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे दापोलीला खेटे नकोत, सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग चालेल. ६ लाखांच्या तक्रारीला फी २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. महारेरा की ग्राहक आयोग, हे कागद बघून ठरवू, पण एकच दार निवडायचं. फसवणुकीची फिर्याद पोलिसांत देता येते, मात्र मी तिने सुरुवात करणार नाही. समोरचा माणूस घाबरून फरार झाला तर पैसेही त्याच्याबरोबर जातात. पहिली पायरी वकिलाची नोटीस : व्यवहार रद्द, रक्कम व्याजासह १५ दिवसांत परत.

रोख दिलेल्या दीड लाखाची पावती नाही म्हणून तुम्ही धीर सोडलेला दिसतो. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर आयकर कायद्यात दंड घेणाऱ्याला आहे, त्यामुळे तो नाकारणारच. पण ‘काका, दीड मिळाले, बाकीचं बघून घ्या’ हा त्याचा व्हॉट्सअॅपवरचा आवाजी निरोप तुमच्याकडे आहे, असं तुम्ही लिहिलंय. तो निरोप पुसू नका, फोन बदलू नका, नातवाच्या हाती देऊ नका. हॉटेलातल्या कार्यक्रमाचे फोटो, माहितीपत्रक, चेकची नोंद असलेलं पासबुक आणि तो फोन घेऊन या. नोटीस त्याच दिवशी लिहून देते. तोवर एजंटचा फोन आला तर ‘वकिलांशी बोला’ एवढंच म्हणा.