मणक्याशेजारची गाठ: उपचार कॅन्सरसारखे, आजार नव्हे

निफाडकडचा सत्तावीस वर्षांचा तरुण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थॅलेसेमिया इंटरमीडिया (रक्त कमी बनण्याचा जन्मजात आजार, मध्यम तीव्रतेचा) लहानपणीच कळलेला, हिमोग्लोबिन 7च्या आसपास, रक्त क्वचितच लागलेलं. आधी पाठ दुखली, मग पाय जड पडू लागले. नाशिकला एमआरआय केला, तर छातीच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना गाठी.

आई म्हणाली, "मॅडम, कॅन्सर नाही म्हणता, मग मेडिकलवाला या कॅप्सूल कॅन्सरच्या का म्हणतो? आणि रेडिएशनचा शेक कॅन्सर विभागातच का?"

शंका रास्तच. थॅलेसेमियात लाल पेशी पक्व होण्याआधीच हाडांच्या मज्जेत (जिथे रक्त तयार होतं) मरतात. रक्त कमी पडतंय म्हणून शरीर मज्जेला सतत रेटा लावतं. हाडात जागा पुरेनाशी झाली की रक्त तयार करणारी तीच पेशीजाळी बाहेर वाढते, त्याच या गाठी. आजार माहीत असेल तर एमआरआय बहुधा पुरतो. सुई घालून तुकडा काढणं शक्यतो टाळतात, कारण या गाठी रक्ताने भरलेल्या असतात. शस्त्रक्रियेतही रक्तस्राव हीच मोठी भीती.

खरा उपचार म्हणजे रेटा कमी करणं. रक्त देऊन हिमोग्लोबिन 10च्या वर ठेवलं की गाठी हळूहळू आकसतात. गाठी आकसवायला शेकही देतात; त्याचा डोस साधारण 10 ते 20 ग्रे (किरणांचं माप), तोही थोडा थोडा. कॅन्सरच्या गाठींना अनेकदा 50 ते 70 लागतात. सुरुवातीला सूज वाढू शकते, म्हणून सोबत स्टेरॉइड देतात.

"एकदा रक्त सुरू झालं की जन्माचं मागे लागतं," ही वडिलांची धास्ती. काही महिने नियमित रक्त लागतं. पुढचं एमआरआय पाहून ठरतं. मोठेपणी रक्त सुरू होणाऱ्यांत दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी बनण्याचा धोका जास्त, म्हणून पहिल्या पिशवीआधीच सविस्तर रक्तगट आणि अँटिबॉडी तपासणी करून घ्यायची. एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. फेरिटिन (साठलेल्या लोहाची रक्ततपासणी) पाहून लोह काढणारी गोळी येते. या घरात मात्र लोहाचं टॉनिक चालू होतं! ते त्याच दिवशी बंद करायला सांगितलं.

कॅप्सूल हायड्रॉक्सियुरियाची. हे औषध काही रक्ताच्या कॅन्सरमध्येही वापरतात, म्हणून मेडिकलवाला तसं म्हणाला; इथे ते मज्जेवरचा रेटा कमी करायला. रोज किलोमागे 10 मिलिग्रॅमपासून सुरुवात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 500ची एक. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू शकतात, म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). लघवी अडली, पाय बधिर झाले किंवा उभं राहवेना, तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठायची. गाठीने चेपलेली मज्जारज्जू (मणक्यातून जाणारा मुख्य मज्जातंतू) फार काळ तग धरत नाही.

जाता जाता आई बोलली, लग्न ठरतंय. हे आधीच कळायला हवं होतं, कारण हायड्रॉक्सियुरियाने शुक्राणू घटू शकतात आणि औषध चालू असताना गर्भधारणा टाळावी लागते. रक्त लगेच सुरू झालं, कॅप्सूल मात्र वीर्य साठवल्यावर. मुलीची एचपीएलसी तपासणी (थॅलेसेमिया ओळखणारी रक्ततपासणी) साखरपुड्याआधीच सांगितली: ती मायनर (स्वतः निरोगी, पण दोष वाहणारी) निघाली तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता 50 टक्के.