प्रमाणपत्रे पुष्कळ, नोंदवही कोरी : पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पत्रे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची, त्यांच्या शिक्षकांची आणि पालकांची आहेत. महाविद्यालयात होणारे कार्यक्रम, त्यांतून मिळणाऱ्या संधी आणि त्यांचा पुढे होणारा उपयोग हा सगळ्यांचा समान विषय असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे ५ जूनला वृक्षारोपण होते, भित्तिपत्रकांची एक स्पर्धा होते आणि अधूनमधून ऑनलाइन व्याख्याने होतात. माझ्याजवळ बरीच ई-प्रमाणपत्रे जमली आहेत, पण त्यांचा काही उपयोग होईल असे वाटत नाही. मोठ्या शहरांतील विद्यार्थ्यांना मिळतात तशा संधी आम्हाला कशा मिळतील?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. तासभर व्याख्यान ऐकून आणि शेवटी एक अर्ज भरून मिळालेले प्रमाणपत्र कोणीही मुलाखतीत वाचत बसत नाही. कोणत्याही कार्यक्रमाला जाण्यापूर्वी एकच विचार करावा : कार्यक्रम संपल्यावर माझ्या नोंदवहीत मी स्वतः पाहिलेले, मोजलेले किंवा तपासलेले असे काय उरणार आहे?

या दृष्टीने पाहिले तर तुम्ही गैरसोयीच्या नव्हे, अतिशय सोयीच्या ठिकाणी आहात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता मिळालेली पाणथळ जागा) तुमच्याच तालुक्यात आहे, आणि तेथे जाण्यासाठी पुण्यामुंबईचे विद्यार्थी मध्यरात्री गाडी काढतात. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते आणि ती १९८७ पासून चालू आहे. अशा गणनेला अनुभवी निरीक्षकांबरोबर एक मदतनीस हवाच असतो, कारण दुर्बिणीतून पाहणाऱ्याला त्याच वेळी लिहिता येत नाही. तुम्ही तो लिहिणारा हात व्हा. चापडगावच्या बाजूने पाण्याकडे पाहत असताना शेजारचा माणूस ‘चक्रवाक बावीस, थापट्या चाळीस’ असे सांगत जातो आणि आपण खुणा करत जातो, तेव्हा थवा अंदाजाने कसा मोजायचा हे जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या जागतिक पक्षीगणनेचाच एक भाग म्हणून भारतात कॅम्पस बर्ड काउंट होतो. त्यासाठी महाविद्यालयाचे आवारच पुरते : किमान पंधरा मिनिटे दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या सर्व पक्ष्यांची संख्येसह यादी करायची आणि ती ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायची. साळुंकी आणि कावळेच दिसले म्हणून यादी वगळू नये. सामान्य पक्ष्यांच्या नोंदींवरूनच पुढे त्यांची घट किंवा वाढ समजते. आवारात दरवर्षी त्याच जागी, त्याच वेळी याद्या केल्या तर पदवी संपेपर्यंत तुमच्या हातात छोटीशी तुलना असेल. राज्य शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस. प्राचार्यांकडून कार्यक्रमाची परवानगी काढायला हे निमित्त चांगले असते, आणि तेव्हा बसवलेली घडी फेब्रुवारीत कामाला येते.

पक्ष्यांची आवड नसेल तर झाडे आहेत. सीझनवॉच या उपक्रमात एखादे झाड निवडून दर आठवड्याला त्याची कोवळी पाने, कळ्या, फुले, कच्ची आणि पिकलेली फळे यांची नोंद करायची असते. आवारातला बहावा किंवा कडुनिंब यासाठी उत्तम. हे काम कंटाळवाणे आहे, हे आधीच सांगतो. परीक्षेच्या आठवड्यात नोंद चुकते, मग दोन आठवडे चुकतात, आणि झाड सोडून दिले जाते. म्हणून एका झाडाला दोघे जण असावेत. वर्षभराची सलग नोंद असलेला विद्यार्थी मी जेव्हा पाहतो तेव्हा त्याच्या गुणपत्रिकेकडे माझे लक्ष जरा उशिराच जाते.

प्रश्न : एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असून उन्हाळ्यात इंटर्नशिप करायची आहे. काही संस्था इंटर्नशिपसाठी उलट विद्यार्थ्यांकडूनच शुल्क मागतात. ते द्यावे का? नेट आणि गेट यांपैकी कोणत्या परीक्षेची तयारी करावी?

उत्तर : प्रशिक्षणाचे शुल्क आणि इंटर्नशिपचे शुल्क यांत फरक करा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारखी १८८३ पासून चालत आलेली संस्था पक्षीशास्त्राचा अभ्यासक्रम शुल्क घेऊन चालवते, त्यात गैर काही नाही, कारण तेथे शिकवले जाते. परंतु तुमच्याकडून काम करून घ्यायचे, वर पैसेही घ्यायचे आणि शेवटी ठरावीक मजकुराचे पत्र द्यायचे, असा व्यवहार असेल तर दूर राहावे.

प्रामाणिक वाटा थोड्या आहेत, पण आहेत. बेंगळूरूची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन राष्ट्रीय अकादम्यांसह उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती देते. त्यात दोन महिने एखाद्या वैज्ञानिकाच्या प्रयोगशाळेत काम करता येते आणि पाठ्यवृत्तीही मिळते. अर्ज साधारणतः आदल्या वर्षाच्या अखेरीस मागवले जातात, त्यामुळे मार्चमध्ये शोधाशोध सुरू करणाऱ्याची ही संधी हुकलेली असते. नागपूरच्या नीरीसारख्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) राष्ट्रीय प्रयोगशाळेत शोधप्रबंधाचे काम करायचे असेल तर विभागप्रमुखांच्या पत्रासह बरेच आधी लिहावे लागते. ‘मला पर्यावरणात रस आहे’ एवढेच लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही. ‘आमच्या गावच्या ओढ्याच्या पाण्याचे मी इतक्या ठिकाणी नमुने घेतले, त्यांत ही अडचण आली’ असे लिहिलेल्या पत्राला येण्याची शक्यता बरीच जास्त असते.

याहून जवळची एक संधी विद्यार्थ्यांच्या ध्यानातच येत नाही. राष्ट्रीय हवा गुणवत्ता सनियंत्रण कार्यक्रमातील काही केंद्रांवर हवा मोजण्याचे काम विद्यापीठे आणि महाविद्यालये करतात. प्रत्येक केंद्रावर आठवड्यातून दोनदा, चोवीस तास मोजणी होते, म्हणजे वर्षाला १०४ दिवसांची. वायूंचे नमुने दर चार तासांनी आणि धुळीचे दर आठ तासांनी बदलायचे असतात, त्यामुळे रात्रीही कोणीतरी गच्चीवर जावेच लागते. धुळीसाठीचा गाळणकागद आधी डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) कोरडा करून तोलायचा, यंत्रात बसवायचा, आणि काढल्यावर पुन्हा तसाच कोरडा करून तोलायचा. कागदाने हवेतील ओल धरली असेल तर ती धूळ म्हणून मोजली जाते. पीएम १० साठी, म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूलिकणांसाठी, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, हे वर्गात सगळेच पाठ करतात, पण तो आकडा हाताच्या निष्काळजीपणाने किती हलू शकतो हे गच्चीवर जाणाऱ्यालाच कळते. तुमच्या शहरात असे केंद्र असेल तर तेथील शिक्षकांना भेटा.

परीक्षांविषयी थोडक्यात : अध्यापन किंवा संशोधन करायचे असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट, तिच्यात पर्यावरण विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. गेटमध्ये पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी ही प्रश्नपत्रिका २०२१ पासून आहे, मात्र तिचा कल गणिताकडे आणि प्रक्रिया-अभियांत्रिकीकडे अधिक आहे. दोन्ही एकदम करू नका.

प्रश्न : माझी मुलगी पर्यावरणशास्त्र घेऊन पदवी करत आहे. नोकरी मिळेल का?

उत्तर : मिळते, पण नुसत्या पदवीवर क्वचित. कारखान्यांचे पर्यावरण विभाग, सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, चाचणी प्रयोगशाळा आणि पर्यावरण आघात मूल्यांकनाचे (एखाद्या प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याचे) काम करणाऱ्या सल्लागार संस्था ही नेहमीची ठिकाणे आहेत. तिला एवढेच विचारा, की तीन दिवस २७ अंश सेल्सिअसवर ठेवून करायची बीओडी चाचणी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होतो ते मोजणारी) तिने स्वतःच्या हाताने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली आहे का. केली नसेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सुट्टीत थांबून करण्याची परवानगी तिने मागावी.

प्रश्न : मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. सात दिवसांच्या विशेष शिबिरात दरवर्षी ग्रामस्वच्छता, पथनाट्य आणि प्रभातफेरी होते. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या विषयाचे काय काम देता येईल?

उत्तर : आपल्याकडे फार मोठे भांडवल आहे : दत्तक गाव, सात मुक्कामाचे दिवस आणि तरुणांचा ताफा. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचेच असतात. त्यांतील काही तास विहिरींना द्यावेत. गावातील आठ-दहा विहिरी निवडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर फितीने मोजायचे आणि त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. ही वजाबाकी राहून गेली तर सगळे आकडे फसतात. मालकाला उपसा केव्हा केला तेही विचारावे, कारण नुकताच पंप बंद झालेल्या विहिरीची पातळी खोटी असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. शिबिर डिसेंबर-जानेवारीत होत असेल तर चार-पाच विद्यार्थ्यांनी मे महिन्यात एक दिवस पुन्हा जावे, म्हणजे दोन्हींतला फरक ग्रामसभेपुढे ठेवता येईल.

दुसरे काम लोकजैवविविधता नोंदवहीचे, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीची लोकांची माहिती टिपलेल्या वहीचे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची नोंदवही असली पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने घालून दिलेल्या मुदतीमुळे अनेक ठिकाणी या नोंदवह्या घाईने पुऱ्या केल्या गेल्या, आणि शेजारच्या गावाचीच यादी उतरवलेली असावी असे वाटण्याजोग्या वह्याही आढळतात. ग्रामपंचायतीतून ती नोंदवही मागून घ्या, आणि मुलांना एकेका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे, गुराख्याकडे, सुईणीकडे पाठवून त्यातील नावे पडताळून घ्या. मात्र औषधी वनस्पतींची पारंपरिक माहिती समितीच्या संमतीशिवाय बाहेर छापू नये, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावावे. या कामातून विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेसाठी एखादा नेटका विषयही सहज निघेल.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात एका प्रकल्पाची जनसुनावणी आहे. विद्यार्थी म्हणून आम्हाला तेथे जाता येते का? शिक्षक म्हणतात, उगाच भानगडीत पडू नका.

उत्तर : जरूर जा. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ही सुनावणी जाहीर असते, उपस्थितीसाठी गणसंख्येची अट नसते, आणि हजर असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पाविषयी माहिती किंवा खुलासा मागण्याची संधी द्यावी लागते. शिक्षकांची काळजी समजण्यासारखी आहे, म्हणून पहिल्या वेळी बोलण्याचा आग्रह धरू नका. श्रोते म्हणून बसलात तरी हरकत नाही.

तयारी मात्र आधीपासून हवी. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत येते, आणि प्रकल्पाच्या पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहायला ठेवलेला असतो. त्याचा मराठी सारांशही असतो. तो सारांश आणि मूळ इंग्रजी अहवालातील एकच प्रकरण, उदाहरणार्थ पाण्याचे, शेजारी शेजारी ठेवून वाचा. पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले, किती ठिकाणी घेतले, गावकरी पितात त्या विहिरीचा नमुना त्यात आहे का, हे तपासा. पावसाळा वगळून एकाच हंगामाच्या मोजणीवर अनेक अहवाल उभे असतात. तेव्हा त्या हंगामात नदीला पाणी किती होते, हे गावातल्या माणसाला विचारल्यास चांगला प्रश्न तयार होतो. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत सर्वांना वाचून दाखवायचा असतो. बहुतेक लोक तोवर उठून गेलेले असतात. तुम्ही थांबा, आपल्या टिपणांशी तो ताडून पाहा, आणि एखादा मुद्दा सुटला असेल तर तेथेच हात वर करून सांगा.