वाचक विचारतात: कोंबड्या धरणारा कारवानी

प्रश्न: आमची वस्ती शेतात आहे. दीड वर्षाचा कारवानी जातीचा नर कुत्रा कोंबडी दिसली की धरतोच. सशामागे सुटला तर हाक ऐकत नाही. रस्त्याने मोटारसायकल गेली की साखळीला हिसके देत भुंकतो. मेलेली कोंबडी गळ्यात बांधा, असं शेजारी सांगतात. काय करावं?
– शेतकरी वाचक, ता. माण, जि. सातारा

उत्तर: कोंबडी बांधू नका. त्यातून कुत्र्याला काहीच उमगत नाही. सडक्या मांसावर माश्या बसतात, एवढंच. पळून परत आल्यावर मारणं त्याहून वाईट, कारण मार ‘मालकाकडे आल्यावर’ बसला, असंच तो शिकतो.

कारवानी नजरेने शिकार करणारा कुत्रा. त्याला खाण्यापेक्षा पाठलागाचीच गोडी मोठी, म्हणून प्रत्येक यशस्वी पाठलाग पुढच्याची ओढ वाढवतो. ही ओढ पुसली जाणार नाही, आवरता येईल. तेव्हा आधी पाठलाग बंद करा. कोंबड्यांना जाळीचं बंदिस्त आवार हवं. जाळी तळाशी फूटभर जमिनीत पुरा आणि वरूनही झाका, कारण हा कुत्रा पाच फूट सहज उडी मारतो. ससा आणि मोर यांची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून रानात मोकळा सोडूच नका.

सामान: छातीचा पट्टा म्हणजे हार्नेस, १० मीटर सुती दोर, शिट्टी आणि उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे. दोर गळपट्ट्याला लावू नका. कारवानीचं डोकं मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा निसटतो, आणि वेगात असताना दोर ताणला तर मानेला इजा होते. दोर हाताला गुंडाळायचाही नाही, कातडी सोलून निघते. कठडा नसलेली विहीर आणि झटका कुंपण यांपासून लांब, उघड्या रानात सराव घ्या.

पहिला आठवडा घराजवळ, आसपास काही नसताना. शिट्टी दोनदा वाजवा आणि लगेच चार-पाच तुकडे एकामागून एक द्या. दिवसातून दहा वेळा पुरे. शिट्टीला तो गर्रकन वळू लागला की कोंबड्यांच्या आवाराकडे न्या, पण निदान २५ मीटर अंतर ठेवा. कान उभे, अंग ताठ, नजर खिळलेली दिसली, की पुढची पायरी झेपेची. त्याआधीच, म्हणजे नुसतं बघताक्षणी, ‘शाब्बास’ म्हणा आणि तुकडा तुमच्या पायाशी टाका. तुकड्याकडे बघतही नसेल तर अंतर कमी पडलंय, मागे सरका. इथेच बहुतेकांची घाई होते. चार-पाच दिवस तो स्वतःहून वळून तुमच्याकडे बघतोय असं दिसलं तरच दोन-तीन मीटर पुढे जा. एका वेळी पाच-सात मिनिटं, सकाळी आठच्या आत. मे महिन्याच्या उन्हात त्याला पळवू नका.

मोटारसायकलसाठीही हीच रीत, फक्त अंतर जास्त. ओळखीच्या माणसाला ठरवून संथपणे गाडी नेऊ द्या. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो, हे इथे मूळ कारण असण्याची दाट शक्यता आहे. रस्ता दिसणार नाही असा आडोसा करा आणि दोन वेळा लांब दोरावर फिरवा. धावण्याची भूक भागवायला काठीला दीड-दोन मीटर दोरी, टोकाला चिंधी: जमिनीलगत फिरवा, पाच मिनिटं, शेवटी धरू द्या. ती धरता आली नाही तर चिडचिड वाढते. ‘सोड’ म्हटल्यावर सोडलं की तुकडा आणि पुन्हा खेळ.

कोंबड्यांजवळ शांत बसू लागला तरी त्यांच्यात एकटा सोडू नका. उडणारी कोंबडी पाहून शिकवलेलं सगळं क्षणात विसरतो. अडचणीच्या वेळी जाळीची मुसकी कामाला येते: तोंड उघडून धापा टाकता येतील इतकी सैल, आणि आधी आठवडाभर आत दही लावून सवय करा.

प्रश्न: खच्चीकरण केल्यावर शिकारीची खोड जाईल का?

उत्तर: नाही. मादीच्या मागे भटकणं कमी होऊ शकतं, पाठलागाची वृत्ती तशीच राहते. भटक्या कुत्र्यांशी गाठ पडते म्हणून रेबीजची लस मात्र दरवर्षी चुकवू नका.