अमेरिकेतल्या ‘शॉट शो’मध्ये नवीन बंदूक जाहीर झाली की शौकीन लोक नेमकं कशावरून भांडतात?

तुम्ही विचारलंय की लास वेगासच्या त्या प्रदर्शनाचे व्हिडिओ बघितले, खालची भांडणं वाचली, पण एवढं तावातावाने बोलण्यासारखं त्यात काय आहे ते कळलं नाही. आणि अशी पिस्तुलं आपल्याकडे मिळतात का. दुसऱ्या भागाचं उत्तर शेवटी देतो. मी अ‍ॅरिझोनात राहतो, शनिवार-रविवार रेंजवर जातो आणि ओळखीतल्या एका छोट्या बंदुकीच्या दुकानाचे हिशेब बघतो. त्या दुकानाच्या नावाने बिल्ला मिळाला म्हणून हे प्रदर्शन आतून बघता आलं. नुसत्या हौशी माणसाला तिथे प्रवेश नाही; ते व्यापाऱ्यांसाठीच असतं.

आणि गंमत इथेच आहे. सगळ्यात जास्त भांडतात ते आत न गेलेले लोक, तेही अजून दुकानात न आलेल्या मालावरून. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण यांच्यासाठीच केली असावी. तरी ती भांडणं अगदीच पोकळ नसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रदर्शनाविषयी. ‘नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन’ ही तिथल्या बंदूक उद्योगाची संघटना ते भरवते. पहिलं प्रदर्शन १९७९ मध्ये सेंट लुईसला भरलं, आणि २०१० पासून ते दर जानेवारीत लास वेगासलाच असतं. २०२१ मध्ये कोरोनामुळे रद्द झालं होतं. पन्नास हजारांहून जास्त माणसं येतात. सुरू होण्याच्या आदल्या दिवशी बोल्डर सिटीच्या वाळवंटातल्या रेंजवर पत्रकारांना आणि दुकानदारांना नवा माल प्रत्यक्ष चालवून बघता येतो. पण हॉलमध्ये मांडलेल्या बंदुका उडत नाहीत. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते उडवणारी सुई, काढलेली असते आणि जिवंत काडतूस आत नेता येत नाही.

म्हणजे हॉलमध्ये माणूस करतो काय? पिस्तूल उचलतो, मुठीत करंगळी मावते का बघतो. बहुतेक जण इथेच तोंड वाकडं करतात, कारण लहान पिस्तुलावर करंगळी खाली लोंबकळते. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे खेचून तिची स्प्रिंग किती कडक आहे ते बघायचं, मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, काढून परत ठोकायचं, चाप ओढून तो कुठे अडतो आणि कुठे सुटतो ते बोटाने चाचपायचं. पिन नसल्यामुळे चापाचा अंदाज नेहमी खरा ठरतोच असं नाही. तरी टेबलामागचा कंपनीचा माणूस हसतो, तुम्ही मान हलवता, आणि मागचा माणूस घसा खाकरतो. बाहेर पडल्यावर यावरूनच लोक ठाम मतं मांडतात.

भांडणाचं पहिलं कारण जागेचं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत सामान्य माणसाला कपड्याखाली पिस्तूल बाळगता येतं. ते पातळ हवं, नाहीतर शर्टातून उठून दिसतं. आणि पातळ हवं तर गोळ्या कमी. काडतुसं एकावर एक अशी एकाच रांगेत भरली तर मॅगझिन सडपातळ राहतं पण सहा-सात गोळ्यांतच संपतं. दोन रांगांत नागमोडी भरली तर पंधरा मावतात, पण मूठ जाड होते. या मिलिमीटरच्या हिशेबावर शौकिनांनी वर्षानुवर्षं घालवली आहेत.

२०१४ च्या जानेवारीत ग्लॉकने छोटं पातळ पिस्तूल आणलं. सगळे ९ मिमी काडतुसाच्या पिस्तुलाची वाट बघत होते, आणि आलं ते ग्लॉक ४२, त्यापेक्षा कमी ताकदीच्या .३८० काडतुसाचं. केवढा रुसवा तो! पिस्तूल चांगलं होतं, खपलंही चांगलं, पण लोकांना हवं ते हे नव्हतं. ९ मिमीचं ग्लॉक ४३ पुढच्या वर्षी आलं, तेही सहा गोळ्यांचं.

मग २०१८ मध्ये सिग सावरने पी३६५ दाखवलं. आकार जवळपास त्या ग्लॉक ४३ एवढाच, वजन रिकामं असताना जेमतेम अर्धा किलो, आणि मुठीबाहेर न डोकावणाऱ्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. युक्ती मॅगझिनमध्येच होती: खाली दोन रांगा, आणि वर जाताना नेहमीपेक्षा लवकर निमुळती होत एक रांग. पुढे गेली काही वर्षं सगळा उद्योग याच्याच मागे धावला. स्प्रिंगफील्डने २०१९ मध्ये हेलकॅट आणलं ते अकरा गोळ्यांचं. एक गोळी जास्त, आणि जाहिरात जणू क्रांती झाल्यासारखी! स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस २०२१ मध्ये आलं. दहा हा आकडाही नेमका बसला होता, कारण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांत दहापेक्षा मोठं मॅगझिन विकायलाच बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या मंजूर यादीत नसलेलं पिस्तूल दुकानदाराला विकता येत नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या घोषणेखाली तिथल्या कुणाचा तरी ‘आमच्या नशिबात कधी?’ हा सुस्कारा ठरलेला असतो.

पी३६५चं कौतुक करताना लोक एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. सुरुवातीच्या महिन्यांत त्याच्या फायरिंग पिनच्या आणि चापाच्या स्प्रिंगच्या तक्रारी आल्या होत्या आणि कंपनीला दुरुस्त्या कराव्या लागल्या. म्हणून ‘पहिल्या वर्षीचा माल घेऊ नका’ हे जुन्या खोडांचं वाक्य नव्या पोरांना कंटाळवाणं वाटलं तरी खरं आहे. त्याला सगळ्यात मोठा पुरावा रेमिंग्टनच्या आर५१चा. जॉन पेडरसन या बंदूक-रचनाकाराच्या शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेवर बेतलेलं, दिसायला देखणं, किंमत आवाक्यातली. २०१४ मध्ये जाहीर झालं तेव्हा मासिकांनी कौतुक केलं. ग्राहकांच्या हातात पडल्यावर मात्र स्लाइड पूर्ण बंद होण्याआधीच गोळी सुटण्याच्या तक्रारी आल्या. त्याच वर्षी कंपनीने सगळी पिस्तुलं परत मागवली. सुधारून पुन्हा आणायला २०१६ उजाडलं, तोवर कुणाला त्यात रस उरला नव्हता.

आणि हडसन एच९! २०१७ च्या प्रदर्शनात सगळ्यांच्या तोंडी हेच नाव होतं. नवी कंपनी, पोलादी पिस्तूल, नळी हाताच्या अगदी जवळ बसवलेली. नळी जितकी खाली, तितका गोळी सुटल्यावर नाकाडाचा वरचा झटका कमी, अशी त्यामागची कल्पना. चाप सरळ मागे सरकणारा, जुन्या १९११ पिस्तुलासारखा. किंमत १,१४७ डॉलर. आमच्या रेंजवर लोकांनी आगाऊ पैसे भरले होते. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ज्यांच्याकडे पिस्तुलं होती ते सुट्या भागांसाठी वणवण करत बसले. डॅनियल डिफेन्सने पुढे ती रचना विकत घेतली आणि २०२४ मध्ये सुधारलेलं एच९ बाजारात आणलं, तेव्हा जुन्या मालकांना आनंद मानावा की चिडावं तेच कळेना.

माझ्या दुकानदाराची नजर यात वेगळी असते, आणि मला ती शौकिनांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. तो पिस्तूल हातात घेण्याआधी होल्स्टरवाल्यांच्या गाळ्यांवर चक्कर मारतो. होल्स्टर म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायचं म्यान. ते बनवणाऱ्यांना नव्या पिस्तुलाचे नमुने आधी मिळाले असतील, तर माल खरोखर येणार. त्यांनाच पत्ता नसेल, तर जे टेबलावर दिसतंय ती नुसतीच हवा. दुसरा प्रश्न जादा मॅगझिन केवढ्याला पडणार. तिसरा, तारीख. ‘दुसऱ्या तिमाहीत’ असं उत्तर आलं की तो वहीत काहीच लिहीत नाही. हिशेब बघणारा म्हणून सांगतो, दुकानाचे पैसे अडकतात ते न खपलेल्या बंदुकांपेक्षा त्यांच्यासाठी आणून ठेवलेल्या सामानात.

आणखी एका प्रकारचं भांडण असतं, त्याला हिशेबच लागू नाही. कोल्ट पायथन हे रिव्हॉल्व्हर १९५५ ते २००५ बनत होतं. कारागीर हाताने एकेक भाग जुळवायचे, आणि निळसर झळाळी अशी की आरशात बघावं तशी. बंद झाल्यावर जुन्यांच्या किमती चढत गेल्या. २०२० च्या जानेवारीत कोल्टने नवं पायथन आणलं: स्टेनलेस स्टीलचं, मागच्या साइटखालचं (नेम धरायच्या खाचेखालचं) धातूकाम जास्त दणकट, किंमत १,४९९ डॉलर. यांत्रिक बाबतीत बऱ्याच जणांच्या मते ते जुन्यापेक्षा मजबूत आहे. पण वाद रंगला तो ‘यात ती मजा नाही’ या एका वाक्यावर. ज्यांच्या तिजोरीत जुनं पायथन आहे त्यांना नव्याची किंमत झोंबते, ज्यांच्याकडे नाही त्यांना जुन्याचा टेंभा. त्यात सुरुवातीच्या काही नगांत सिलिंडर नीट न फिरण्याच्या तक्रारी आल्या, मग तर तेलच ओतलं गेलं. मी नव्याच्या बाजूचा आहे. कपाटात ठेवून पूजा करायची असेल तर जुनं घ्या.

ज्याविषयी ही मंडळी बोलत नाहीत तेही सांगायला हवं. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास वेगासमध्येच एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरून संगीत महोत्सवातल्या गर्दीवर गोळीबार झाला, अमेरिकेच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत भीषण. पुढच्या जानेवारीत त्याच रस्त्यावर, काही किलोमीटरवर हे प्रदर्शन भरलं, आणि पी३६५ची धूम तीच. प्रत्यक्ष बोलताना शौकिनांपैकी अनेकांना हे टोचतं, असा माझा अनुभव आहे. पण मॅगझिनमधल्या दहा की अकरा या चर्चेत तो विषय कुणी काढला की लगेच ‘राजकारण नको’ म्हणून गप्प बसवलं जातं. तुम्ही बाहेरून बघताय म्हणून तुम्हाला ते विचित्र वाटलं असेल, तर ते विचित्रच आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, यातलं काहीही भारतात सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. ९ मिमी पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेल्या नळीच्या मापात येतं, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी बंदुकांची आयात बंद आहे. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, पण त्यांना लागतात त्या स्पर्धेच्या रायफली आणि पिस्तुलं. त्या बघायच्या तर दर मार्चच्या सुमारास जर्मनीत न्यूरेंबर्गला भरणारं ‘इवा’ प्रदर्शन जास्त कामाचं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं तो ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचा (तीन पवित्र्यांतून नेम धरायचा) प्रकार वेगासच्या गर्दीच्या खिजगणतीतही नाही.

बाकी परवाना असलाच तर .३२ बोअरची देशी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. आपल्याकडेही नव्या मालाची बातमी होते बरं का. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहून ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा सगळ्यांनी एकच गोष्ट ठळकपणे छापली: याचं सिलिंडर बाजूला उघडतं. आधीची कानपुरी रिव्हॉल्व्हर वेब्ली या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीची, मधून मोडून उघडणारी होती. बाजूला उघडणारं सिलिंडर कोल्टने १८८९ मध्येच बाजारात आणलं होतं.