धाप लागते म्हणून चालणं बंद करू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की निपाणीला सासूबाईंना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागायचा फुफ्फुसांचा जुना आजार) आहे, सगळं आयुष्य चुलीपुढं गेलं, डॉक्टर म्हणतात चालवा आणि घरातले म्हणतात चार पावलांत धाप लागते तर बसू द्या की. मी बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत 26 वर्षं काढली, मलापण हाच आजार, म्हणून सांगतो, डॉक्टरांचं ऐका.

मी पहिलं वर्ष बसूनच घालवलं. धाप लागती म्हणून बसायचं, बसून बसून मांड्या वाळल्या, आणि वाळलेल्या पायांना तेवढंच चालायला जास्त श्वास लागतो, मग धाप आणखी वाढली, सोप्यातनं परसात जायला मधे टेकायला लागायचं. फिजिओच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, काका, व्यायामानं फुफ्फुसं नवीन होत नाहीत, पण पायात ताकद आली की आहे त्याच फुफ्फुसांवर जास्त काम होतं. आठ आठवडे त्यांच्याकडं व्यायामाला गेलो. 6 मिनिटं चालायच्या टेस्टमध्ये आधी 210 मीटर झालेले, शेवटी 290. फुफ्फुसांची ताकद मोजायची फुंकायची टेस्ट मात्र होती तिथंच.

सासूबाईंना दम पूर्ण तुटेपर्यंत चालवू नका, सगळे इथंच चुकतात. 2 मिनिटं चालायचं, खुर्चीवर टेकायचं, परत 2 मिनिटं, असं मिळून 10 मिनिटं झाली तरी पहिल्या आठवड्याला बास. चालताना दोन शब्द बोलता आले पाहिजेत, थोडी धाप लागली तर लागू दे, त्या धापेनं फुफ्फुस फाटत नाही. नाकानं 2 आकडे श्वास घ्यायचा आणि ओठ शिट्टी मारल्यासारखे करून 4 आकडे सोडायचा. घागर उचलताना, खुर्चीतनं उठताना, जोर लागतो तेव्हा सोडायचा, रोखून धरायचा नाही. धाप चढली तर स्वयंपाकाच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून थोडं पुढं वाकायचं, खांदे सैल. मी अजून असाच उभा राहतो आणि थोड्या वेळात उतरतं. घाबरून आडवं झोपवू नका, तेनं उलट जास्त गुदमरतं.

खुर्चीतनं 5 वेळा उठणं-बसणं सकाळ-संध्याकाळ पाहिजेच, पायांना तेच लागतं. कपडे वाळत घालायची दोरी खाली बांधा, हात वर गेले की श्वास लवकर तुटतो.

दम लागल्यावर घ्यायचा इनहेलर असेल तर चालायच्या 15 मिनिटं आधी घेऊ का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा सोप्यातच फेऱ्या. उसाचा पाला पेटवतात त्या दिवसांत धूर असताना बाहेर नेऊ नका. बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन 88 च्या खाली आला, छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. नुकतंच ॲडमिट केलं होतं का? तसं असेल तर आधी त्यांना विचारूनच सुरू करा.

आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापवत असाल तर ते आजच बंद करा, एका बाजूनं चालवायचं आणि दुसऱ्या बाजूनं धूर, असं नको. पहिल्या आठवड्यात किती मिनिटं जमली ते कळवा, पुढं कसं वाढवायचं ते सांगतो.